मंकची चाल, टिळकांचा अभंग

कोपर स्टेशन दोन मजली आहे. खालून मध्य रेल्वेच्या लोकल धावतात, वरून दिवा-वसईची गाडी जाते. दिवा आणि डोंबिवली यांच्या मधल्या या स्टेशनाला जलद गाड्या सहसा विचारत नाहीत. पण चर्चमधलं गाणं महाराष्ट्रात कसं आलं, कसं रुजलं आणि कुठे कुठे पांगलं हे ज्याला पाहायचं आहे, त्याला याहून सोयीची जागा मिळणार नाही. खालच्या फलाटावरून गाडी पकडून ठाण्याला उतरावं, तर तिथे १८२५ साली एका इंग्रज बिशपच्या हस्ते अर्पण झालेलं चर्च आहे. त्या बिशपचं एक गीत आज जगभर गायलं जातं. उलट दिशेला तिसरं स्टेशन कल्याण. तिथे १८६९ ते १८७३ या काळात दापोलीकडचा एक ब्राह्मण मुलगा शाळेत जात होता; मराठी चर्चला स्वतःचं गाणं मिळालं ते पुढे त्याच्याकडून. वरच्या फलाटावरची गाडी खाडी ओलांडून वसईला जाते, आणि तिथे गावंच्या गावं रविवारी मराठीत मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, गातात.

या गोष्टीतला पहिला माणूस मात्र भारतात कधी आलाच नाही. विल्यम हेन्री मंक हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याची एक चाल मात्र आपल्यातल्या बहुतेकांच्या कानावरून गेलेली आहे. २०२२ च्या आधीची कुठलीही २९ जानेवारीची संध्याकाळ, दूरदर्शनवर दिल्लीचा विजय चौक, लष्करी बँड थांबल्यासारखे होतात आणि एक संथ धून सुरू होते. तिला उत्तर दिल्यासारखे वरून घंटांचे टोल येतात. मग बिगुल, झेंडा उतरतो, दिवे लागतात. बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्यात वर्षानुवर्षं वाजलेली ती धून म्हणजे ‘अबाइड विथ मी’. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट या धर्मगुरूचे, १८४७ सालचे. चाल मंकची, १८६१ ची. गांधीजींना हे गीत प्रिय होतं, म्हणून ते सोहळ्यात राहिलं असं सांगितलं जातं.

मंकचा जन्म १६ मार्च १८२३ रोजी लंडनमधल्या ब्रॉम्प्टन भागात झाला. विशीच्या आतच तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला. लंडनमधली दोन-तीन चर्चेस बदलत १८४७ मध्ये तो किंग्ज कॉलेजात गायकवृंदाचा प्रमुख झाला, दोन वर्षांनी तिथलाच ऑर्गनवादक झाला. १८५२ पासून त्याने स्टोक न्यूइंग्टनच्या सेंट मथायस चर्चची जबाबदारी घेतली आणि १ मार्च १८८९ ला मरेपर्यंत ती सोडली नाही. सदतीस वर्षं एकाच चर्चच्या बाकावर! आपल्याकडे एकाच देवळात पिढ्यानपिढ्या चौघडा वाजवणारी घराणी होती, त्यामुळे आपल्याला याचं फार नवल वाटू नये. पण लंडनसारख्या शहरात, बढत्या आणि बदल्यांच्या जगात, हे साधं नव्हतं. सेंट मथायसमध्ये पगारी गवय्ये नव्हते. हौशी मंडळींना हाताशी धरून मंक रोजची उपासना गात-वाजवत पार पाडायचा.

ऑर्गनवादकाचं काम बाहेरून वाटतं तितकं देखणं नसतं. दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय खालच्या लाकडी पट्ट्यांवर, आणि त्या काळी मागे भात्याचा दांडा हलवायला एक पोरगा. वाजवणाऱ्याची पाठ बहुधा लोकांकडे. टाळ्या नाहीत. लोक गाताना रेंगाळले तर त्यांना अलगद पुढे ढकलायचं, कडव्यांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा द्यायची, शेवटच्या कडव्याला स्वर भरून न्यायचे. भजनातला पेटीवाला हे काम रोज करतो. त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मंकचं नाव राहिलं ते एका पुस्तकामुळे. इंग्लंडमध्ये तोवर जवळपास प्रत्येक चर्चचा स्तोत्रसंग्रह निराळा होता. हेन्री विल्यम्स बेकर या धर्मगुरूच्या पुढाकाराने सगळ्यांना चालेल असा एक संग्रह करायचं ठरलं आणि त्याची संगीताची बाजू मंककडे आली. १८६१ मध्ये ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ छापून आलं. २७३ गीतं, आणि प्रत्येकाला नेमून दिलेली चाल. पुस्तक इतकं खपलं की पुढची शंभर वर्षं इंग्रजी बोलणाऱ्या जगात, वसाहतींत, पलटणींत, बोर्डिंगच्या शाळांत तेच गायलं गेलं. पुण्याच्या आणि देवळालीच्या छावण्यांतल्या सोजिरांच्या कानातलं गाणंही याच वळणाचं होतं.

लाइटच्या गीताला चाल कशी सुचली याच्या दोन कथा आहेत. एका कथेत, संग्रहाची बैठक उरकताना लक्षात आलं की या गीताला चालच नाही, आणि मंकने तिथेच दहा मिनिटांत ती लिहून दिली. दुसरी कथा त्याच्या पत्नीची म्हणून सांगितली जाते: घरात मोठं दुःख होतं, दोघं मावळता सूर्य पाहत उभे होते, आणि त्याने कागद ओढला. आपल्याकडेही चांगली चाल एकतर टॅक्सीत सुचते नाहीतर स्मशानातून परतताना. दोन्ही कथा खऱ्या असायला हरकत नाही, कारण सुचणं आणि लिहून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पण वीसएक वर्षं रोज वाजवणाऱ्या माणसाला दहा मिनिटं पुरली असतील, यावर विश्वास बसतो.

चाल पेटीवर वाजवून पाहावी. पट्टी कुठलीही घ्या. गंधारापासून सुरू होते, षड्जावर येते, तिथून एकदम पंचमावर जाते. सगळी चाल षड्जापासून धैवतापर्यंतच्या सहा स्वरांत फिरते. निषादाला ती शिवत नाही, तार षड्जापर्यंत चढत नाही. ज्याचा गळा अजिबात तयार नाही असा माणूसही ती गाऊ शकतो, आणि हे मंकने जाणून केलेलं आहे. स्वर सगळे शुद्ध. फक्त दुसऱ्या ओळीच्या अखेरीस एकदाच तीव्र मध्यम येतो आणि लगेच पंचमात विरतो. त्या एका स्वरावर सगळी संध्याकाळ तोललेली आहे. तिसरी ओळ रिषभावर सोडून दिली आहे, म्हणजे ऐकणाऱ्याला घरी जावंसं वाटतं, आणि चौथी ओळ त्याला षड्जावर आणून सोडते. लयीच्या बाजूनेही हिशेब चोख आहे. प्रत्येक ओळ सोळा मात्रांची. तबलजीने विलंबित त्रिताल धरला तर चार ओळी चार आवर्तनांत नेमक्या बसतात.

याच पुस्तकातल्या एका गीताचा धागा ठाण्याशी जुळतो, तो असा.

कलकत्त्याचा बिशप रेजिनल्ड हेबर १८२५ मध्ये मुंबई इलाख्याच्या दौऱ्यावर होता. त्या पावसाळ्यात तो ठाण्याला आला आणि तिथलं सेंट जेम्सचं इंग्रजी चर्च त्याच्या हस्ते देवाला अर्पण झालं. पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १८२६ ला, त्रिचनापल्लीत स्नान करताना त्याचा मृत्यू झाला. वय अवघं बेचाळीस. इंग्लंडमधल्या खेड्यात धर्मगुरू असताना त्याने वर्षभराच्या सणांसाठी गीतं रचून ठेवली होती. ती त्याच्या मागे, १८२७ मध्ये छापली गेली. त्यातलं ‘होली, होली, होली’ हे त्रैक्याचं गीत मंकच्या संग्रहात आलं तेव्हा त्याला चाल दिली ती जॉन बॅकस डाइक्सने. आज हे गीत मराठी चर्चमध्ये मराठीत गातात, चाल डाइक्सचीच. ठाण्याला पाऊल ठेवलेल्या माणसाचे शब्द आणि इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डरममध्ये बसलेल्या माणसाचा स्वर!

डाइक्स मंकहून सहा दिवसांनी मोठा. जन्म १० मार्च १८२३, हल या बंदरातला. आजोबा तिथल्याच चर्चचे धर्मगुरू, आणि नातू पोरवयातच आजोबांच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला बसलेला. केंब्रिजमध्ये त्याने मित्रांबरोबर विद्यापीठाची संगीत संस्था उभी केली; त्या मित्रांत विल्यम थॉमसन होता, जो पुढे लॉर्ड केल्विन म्हणून भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत आला. डाइक्सने मात्र धर्माची वाट धरली. १८४९ पासून तो डरमच्या कॅथेड्रलमध्ये गायनाचा प्रमुख होता आणि १८६२ पासून तिथल्याच सेंट ऑस्वल्ड चर्चचा धर्मगुरू. मंकचा संग्रह तयार होतोय हे कळल्यावर त्याने कुणी न मागता काही चाली पाठवून दिल्या. मंकने त्यातल्या सात घेतल्या. पुढे डाइक्सच्या चालींची संख्या तीनशेच्या वर गेली.

त्याचा शेवट चटका लावणारा आहे. उपासनेत धूप असावा का, धर्मगुरूने रंगीत उत्तरीय घालावं का, तोंड कोणत्या दिशेला असावं, या वादांनी तेव्हाचं इंग्लंडचं चर्च दुभंगलेलं होतं. डरमचा बिशप चार्ल्स बॅरिंग याने डाइक्सला मदतनीस धर्मगुरू द्यायला नकार दिला. आधी या गोष्टी करणार नाही असं लिहून दे, ही अट. डाइक्स कोर्टात गेला आणि जानेवारी १८७४ मध्ये हरला. मोठं चर्च एकट्याने ओढत राहिला. प्रकृती ढासळली, मन ढासळलं, आणि २२ जानेवारी १८७६ ला ससेक्समध्ये बावन्नाव्या वर्षी तो गेला. ज्या चर्चने त्याच्या चाली रोज गायल्या, त्याच चर्चने त्याला एक माणूस दिला नाही. त्याच्या मागे कुटुंबासाठी लोकांनी वर्गणी काढली, ती दहा हजार पौंडांपर्यंत गेली. त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारणारी होती.

डाइक्सची आणखी एक चाल भारतात पोचली. कार्डिनल न्यूमनच्या ‘लीड, काइंडली लाइट’ला त्याने १८६५ मध्ये लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरून चालता चालता चाल लावली. गीत लोकप्रिय झालं ते या चालीमुळे, असं न्यूमन स्वतःच म्हणत. गांधीजींच्या प्रार्थनेत हे गीत होतं. आश्रमात नरसिंहराव दिवेटियांचं गुजराती रूपांतरही गायलं जाई. साबरमतीच्या प्रार्थनासंगीताची बाजू सांभाळणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य आणि महाराष्ट्रातले. तंबोरा, एकतारी, ‘रघुपति राघव’ आणि हे इंग्रजी स्तोत्र एकाच प्रार्थनेत नांदत होतं, आणि त्यात कुणाला काही खटकत नव्हतं.

मराठी चर्चमध्ये मात्र खटकत होतं. कारण तिथे इंग्रजी चाल घेऊन तिच्यात मराठी शब्द भरायचे होते.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक मुंबईत १८१३ मध्ये आले. १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचं मोठं केंद्र झालं. उपासना आली की गाणं आलं, आणि गाणं त्यांनी बरोबर आणलेलं होतं. मोठे नळ्यांचे ऑर्गन मुंबईच्या कॅथेड्रलसारख्या ठिकाणीच परवडत. कोकणातल्या आणि मावळातल्या पावसात त्यांचं चामडं फुगतं, लाकडाला वाळवी लागते. म्हणून गावच्या चर्चमध्ये पायाने भाता मारायची छोटी पेटी आली. वाद्याचं जमलं. अडलं ते छंदात. इंग्रजी स्तोत्राच्या चालीला ठरावीक अक्षरसंख्या असते. ‘अबाइड विथ मी’ची ओळ दहा अक्षरांची, दहा-दहाच्या चार ओळींचं कुठलंही गीत तिच्यावर गाता येतं. आपल्या जुन्या पदसंग्रहांतही पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असे, तसंच हे. पण इंग्रजीत आघाताने लय धरली जाते आणि मराठीत ऱ्हस्व-दीर्घाने. इंग्रजी चालीत जिथे लांबवायचं, तिथे मराठीत नेमकं ऱ्हस्व अक्षर येतं, आणि ते ओढून ओढून म्हणावं लागतं. व्याकरण शाबूत, अर्थ शाबूत, पण ऐकताना परक्याने मराठी बोलावं तसं वाटतं. मिशनऱ्यांनी अशी शेकडो रूपांतरं केली. काही टिकली, बरीच टिकली नाहीत, आणि टिकली नाहीत त्यात त्यांच्या श्रद्धेची काही चूक नव्हती.

यातून वाट पहिल्यांदा काढली ती अहमदनगरकडच्या मंडळींनी. १८६० च्या दशकात तिथे ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं: उभा कीर्तनकार, मागे टाळ आणि मृदंग, पूर्वरंग-उत्तररंग सगळं आपल्या रीतीने, फक्त आख्यान बायबलमधलं. कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४-१९०८) हे यातलं मोठं नाव. त्यांचं ‘तन मन धन’ हे समर्पणाचं पद तर उलट्या दिशेने समुद्रापार गेलं. ऑल्डन क्लार्क यांनी ते इंग्रजीत नेलं आणि अमेरिकेतल्या स्तोत्रसंग्रहांत ते मराठी चालीसह छापलं गेलं. चालीचं नाव तिथे ‘तन मन धन’ असंच आहे. म्हणजे अमेरिकेतला एखादा ऑर्गनवादक मराठी पद वाजवतो, आणि पुस्तकात खाली मराठी चाल म्हणून नोंद असते. मंकची चाल दिल्लीत वाजत असे याचं आपल्याला कौतुक. याची मात्र आपल्याकडे कुणाला खबर नाही.

आणि मग कल्याणच्या शाळेत गेलेला तो मुलगा.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, करजगावचा. मंकचं पुस्तक निघालं त्याच वर्षीचा. प्राथमिक शिक्षण कल्याणला झालं. ठाणे-कल्याण रेल्वे सुरू होऊन (१ मे १८५४) तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्याचा अभ्यास केला. शिक्षण अर्धवट, नोकऱ्या धरसोडीच्या, स्वभाव भडक आणि तितकाच उदार. त्यांच्या घरात काय चालत असे हे ज्याला वाचायचं आहे त्याच्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ आहे. त्याहून चांगलं कुणी लिहिलेलं नाही, लिहू शकणारही नाही.

१८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत टिळकांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी भेटला. गप्पा झाल्या, त्याने बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या आणि काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, त्यांनीही तीच वाट धरली. पुढे टिळक अहमदनगरच्या मिशनमध्ये शिकवत, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचं संपादन करत. बालकवी त्यांच्या घरी राहून गेले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी हाती घेतलं, ते त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

टिळकांनी स्तोत्राच्या बाबतीत काय केलं ते पाहिलं की त्यांचं मोठेपण कळतं. त्यांनी इंग्रजी चाल दुरुस्त करत बसण्याचा उद्योग केला नाही. ते सरळ अभंगाकडे वळले. मोठ्या अभंगाचं चरण-गणित सहा, सहा, सहा, चार. बावीस अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक, आणि शेवटचा चरण तोकडा. तो तोकडा चरण म्हणजे मराठी माणसाचा श्वास आहे. वारीत चालता चालता बोलायचं, शेवटी थांबायचं, टाळ वाजू द्यायचा. दहा-दहाच्या चौरस इंग्रजी ओळीत हे थांबणं नाही. टिळकांनी ख्रिस्ताशी बोलण्यासाठी तुकाराम-नामदेवांचा तो तोकडा चरण घेतला आणि ख्रिस्ताला आई म्हणून, सखा म्हणून हाक मारली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. ‘अभंगांजली’तली त्यांची गीतं चर्चमध्ये गायली जाऊ लागली तेव्हा ऑर्गनवाल्याला बाजूला होऊन तबल्या-टाळांना जागा द्यावी लागली.

इंग्रजांनाही ते पोचलं. निकोल मॅक्निकल यांनी टिळकांच्या गीतांची इंग्रजी रूपांतरं केली आणि त्यांतलं एक ब्रिटन-अमेरिकेच्या स्तोत्रसंग्रहांत जाऊन बसलं. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने १९२३ मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. पण टिळकांना मिशनच्या पगारात राहणं पुढे पटेनासं झालं. १९१७ मध्ये नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे दार उघडं होतं. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

टिळक ख्रिस्ती उपासनेत टाळ-मृदंग घेऊन गेले, आणि त्याच सुमाराला चर्चची पायपेटी निघाली थेट मराठी रंगभूमीवर. ही ये-जा कुणी ठरवून केलेली नव्हती. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’नंतर (१८८०) संगीत नाटकाला मोठ्या थिएटरांत पोचणारा, टिकून राहणारा स्वर हवा होता. सारंगी गोड, पण प्रत्येक पदाला पट्टी बदलून जुळवणं जिकिरीचं. आधी हातपेटी आली, मग ऑर्गन. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन म्हणजे थाटाचा भाग झाला. बालगंधर्वांच्या मागे ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा, ही जोडी ऐकलेले लोक तिच्याविषयी जन्मभर बोलत राहिले. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या रसिकांच्या घरात आजही कुठे अशी पायपेटी दिसते. ‘नाटकवाल्यांची’ असं तिचं वर्णन होतं. ती मुळात चर्चची, हे बहुधा सांगावं लागतं.

पेटीचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, ही तक्रार तेव्हापासूनची. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स हा इंग्रज न्यायाधीश यांनी मिळून बावीस श्रुतींची पेटी बनवून घेतली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यासोबत गाऊन दाखवलं. परिषदेतल्या पंडितांचं समाधान झालं नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी केली, ती तीसएक वर्षं चालली. त्या सगळ्या काळात चर्चमध्ये, भजनात, तमाशात आणि नाटकात पेटी वाजतच होती.

आता वरच्या फलाटावरच्या गाडीकडे. वसईचे ख्रिस्ती कॅथलिक आहेत, पोर्तुगीज काळापासूनचे, आणि त्यांची गोष्ट अहमदनगरच्या प्रॉटेस्टंटांहून निराळी. तिथे शतकानुशतकं उपासना लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेला मोकळीक दिली आणि मिस्सा मराठीत आली. पण लग्नातली गाणी कधीच लॅटिन नव्हती. वसईच्या कुपारी आणि वाडवळ घरांत, इकडे कोपर-डोंबिवलीच्या आगरी घरांत धवलारणीच्या तोंडी, लग्नात एकाच चालीवर कितीही कडवी म्हणायची रीत आहे. हळदीची वेगळी चाल, पाठवणीची वेगळी. शब्द माणसांप्रमाणे बदलतात, चाल तीच. हेच मंकच्या पुस्तकाचंही तत्त्व आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा या भागातला धर्मगुरू २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो, तेव्हा मराठी आणि चर्च यांच्या नात्यावर शिक्कामोर्तब होतं असं नव्हे. ते नातं आधीपासून होतंच, उरलेल्या महाराष्ट्राचं लक्ष त्या निमित्ताने गेलं.

चर्चचं संगीत आणखी एका वाटेने आलं, ते गोव्यातून. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथून बाहेर पडलेली मंडळी मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदात भरली. हल्दोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हे सी. रामचंद्रांचे जवळचे सहायक. आणि सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, पुणतांब्याचे, म्हणजे पुन्हा अहमदनगर जिल्ह्यातले. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा माणूस गोव्याच्या वादकांना बरोबर घेऊन ‘अलबेला’ करतो आणि मग २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लता मंगेशकर याच्याच चालीवर ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गातात.

२०२२ मध्ये बीटिंग रिट्रीटच्या कार्यक्रमातून ‘अबाइड विथ मी’ वगळलं गेलं आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ तिथे वाजवलं गेलं. वर्तमानपत्रांत मग बाजू घेऊन भांडणं झाली. ‘वसाहतीची खूण गेली’ म्हणून कुणी खूश, ‘गांधीजींचं गीत गेलं’ म्हणून कुणी दुखावलं. या भांडणात मंकचं नाव कुणी घेतलं नाही आणि पुणतांब्याचंही फारसं नाही. दोन्ही चाली शेजारी ठेवून ऐकल्या तर एक गोष्ट मान्य करावी लागते: पुणतांब्याच्या माणसाची चाल गर्दीला रडवते, लंडनच्या माणसाची चाल गर्दीला गप्प करते. सोहळ्यात दोघींना जागा होती. एक काढून दुसरी ठेवायची काही गरज नव्हती.

मराठी स्तोत्रगीतांची अवस्था याहून वाईट आहे, कारण त्यांच्यासाठी भांडायलाही कुणी नाही. आषाढीला डोंबिवली-कल्याणच्या नाट्यगृहांत अभंगांचे कार्यक्रम होतात, तिकिटं संपतात. तुकाराम, नामदेव, चोखामेळा, जनाबाई, सगळे असतात. कल्याणच्या शाळेत बाराखडी गिरवलेल्या ना. वा. टिळकांचा अभंग मात्र त्यांत क्वचित. ‘केवढें हें क्रौर्य’ आणि ‘वनवासी फूल’ लिहिणारे टिळक आपण शाळेच्या पुस्तकातून ओळखतो. गाणारे टिळक आपण चर्चच्या भिंतीआड सोडून दिले. त्यांच्या अभंगांच्या चाली जुन्या ख्रिस्ती कीर्तनकारांच्या आणि भजनी मंडळांच्या गळ्यात आहेत. गळा गेला की चाल जाते. कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी पुढच्या आषाढीला दोन अभंग टिळकांचे घ्यावेत. गायला अवघड नाहीत आणि श्रोता उठून जाणार नाही. बाकीच्यांसाठी नाताळ आहे. ठाणे, कल्याण किंवा वसईत जिथे मराठीतून उपासना होते त्या चर्चमध्ये जावं, मागच्या बाकावर बसावं आणि ऐकावं. कुणी कोण म्हणून विचारत नाही.